गाईला पचणारा मका

चाऱ्यासाठी मका लावायचा म्हटलं की डोळ्यांसमोर डोक्याच्या वर गेलेलं, गर्द हिरवं, दाट रान येतं. जितका उंच तितका चारा जास्त, हा हिशेब वजनापुरता खरा आहे. पण गाय त्या वजनावर दूध देत नाही. वजनातलं पाणी वगळून जे उरतं आणि त्यातलंही जे तिच्या पोटात पचतं, त्यावर ती दूध देते. एकाच दिवशी पेरलेल्या, सारख्याच उंच दिसणाऱ्या दोन वाणांमध्ये या बाबतीत मोठा फरक असू शकतो, आणि तो बांधावर उभं राहून दिसत नाही.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि बुरशी यांची मोठी वस्ती असते. झाडाच्या पेशींची भिंत ज्याची बनलेली असते ते सेल्युलोज फोडणारी विकरं (एन्झाइम) जनावराकडे स्वतःची नसतात. ते काम हे सूक्ष्मजीव करतात. त्यातून तयार होणारी ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं रक्तात शोषली जातात आणि जनावराला लागणारी बहुतांश ऊर्जा तीच पुरवतात. या कामात आडवं येतं ते लिग्निन. झाडाला ताठ उभं ठेवणारा हा पदार्थ स्वतः जवळजवळ पचत नाहीच, शिवाय शेजारच्या सेल्युलोजपर्यंत सूक्ष्मजीवांना पोहोचूही देत नाही. झाड जून होतं तसं धांड्यात लिग्निन वाढतं, तेही खालच्या पेरांत सर्वांत जास्त.

चाऱ्यातला हा भाग मोजायची सोपी रीत 1960 च्या दशकात पीटर व्हॅन सोएस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने बसवली. चाऱ्याचा नमुना डिटर्जंटच्या द्रावणात उकळला की पेशीच्या आतला, सहज पचणारा भाग विरघळून जातो आणि पेशीभित्तिका, म्हणजेच तंतू, मागे उरते. आजही चारा तपासणीच्या अहवालात तंतूंचे आकडे असतात ते याच पद्धतीचे. त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तंतूंच्या पचनीयतेचा आकडा. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 मध्ये अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं, की तंतूंची पचनीयता 1 टक्काबिंदूने वाढली तर गाय दिवसाला सरासरी, पाणी वगळून, 0.17 किलो जास्त चारा खाते आणि सुमारे 0.25 किलो जास्त दूध देते. कारण साधं आहे. लवकर पचणारा चारा कोठीपोटातून लवकर पुढे सरकतो, जागा होते आणि गाय पुन्हा खाते. पोट भरलेलं असूनही उपाशी राहणारं जनावर असतं, ते असाच न पचणारा चारा खाणारं.

लिग्निन मुळातच कमी असलेला मकाही असतो. पानाची मधली शीर तपकिरी दिसणारा उत्परिवर्तित मका अमेरिकेत मिनेसोटा इथे 1924 मध्ये प्रथम दिसला. तो रंग म्हणजे लिग्निन तयार करण्याच्या प्रक्रियेत झालेल्या बदलाची बाहेरची खूण. असे वाण मक्याप्रमाणे ज्वारीत आणि बाजरीतही आहेत. त्यांचा चारा जास्त पचतो, पण उत्पादन थोडं घटतं आणि काही वाण वाऱ्यात लोळतात. ज्याच्याकडे जास्त दुधाच्या गाई आहेत त्याला हा सौदा परवडतो. भाकड जनावरं आणि कालवडी सांभाळणाऱ्याने त्यामागे धावायचं कारण नाही.

वाण निवडताना दाण्याकडे दुर्लक्ष करू नये. चाऱ्याचा मका म्हणजे पानं आणि धांडं, कणीस हे दाण्याच्या मक्याचं काम, हा समज नुकसान करतो. मक्याच्या दाण्यात सुमारे 70 टक्के पिष्टमय पदार्थ असतो, आणि मुरघासातल्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यातल्या, ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा कणसातून येतो. म्हणून भरदार कणीस धरणारा, दाणा पक्व होत असतानाही पानं हिरवी ठेवणारा आणि न लोळणारा वाण हवा. वाणाचा कालावधी आपल्या हंगामात आणि पाण्यात बसतो का, हे या सगळ्याच्या आधी पाहावं. चिकात येण्याआधीच, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरण्याआधीच, कापावा लागणारा उशिराचा वाण कितीही उंच वाढला तरी त्यातून गाईला मुख्यतः पाणी आणि तंतू मिळतात.

दाट पेरणीचा मोह इथेच नडतो. झाडं एकमेकांची सावली खातात, धांडी बारीक होतात, बरीच ताटं कणसाविना राहतात. मुरघासाच्या मक्यासाठी हेक्टरी साधारण 65 ते 80 हजार झाडं पुरतात; दोन ओळींत 75 सेंमी आणि दोन रोपांत 20 सेंमी अंतर ठेवलं तर जवळपास 67 हजार बसतात. नत्र एकदम देऊन उपयोग नाही. पीक गुडघ्याएवढं झाल्यापासून तुरा येईपर्यंत ते झपाट्याने उचललं जातं, म्हणून मोठा हप्ता त्या सुमारास हवा. आणि पाण्याची एक पाळी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये असं वाटत असेल, तर ती तुरा आणि केस बाहेर पडण्याच्या वेळची. कणसातून बाहेर आलेला प्रत्येक केस एकेका संभाव्य दाण्याला जोडलेला असतो. ताणामुळे केस उशिरा निघाले, किंवा परागकण पोहोचेपर्यंत सुकले, तर तो दाणा भरतच नाही, आणि नंतर दिलेल्या पाण्याने तो परत येत नाही.

मुरघासासाठी मका उचलला जातो तेव्हा शेतातून दाण्यांबरोबर धांडं आणि पानंही जातात. झाडातला बहुतेक पालाश (पोटॅशियम) त्यांतच असतो. दाण्याच्या मक्याचा पालापाचोळा रानात राहिला तर तो पालाश जमिनीला परत मिळतो. मुरघासात मिळत नाही. त्याच रानात वर्षानुवर्षं चारा घेणाऱ्याने गोठ्यातलं शेण आणि मूत्र त्याच रानात परत नेलं पाहिजे, नाही तर काही वर्षांत पीक कमजोर होत जातं.

एवढं सगळं जमवल्यावरही निम्मी लढाई कापणीच्या दिवशी ठरते. मुरघासासाठी झाडात 30 ते 35 टक्के कोरडा भाग असताना मका कापावा. याचा अर्थ गणितात पाहा: 20 टक्के कोरड्या भागाचा 30 किलो चारा खाणाऱ्या गाईच्या पोटात 6 किलो अन्न जातं, 33 टक्क्यांचा तेवढाच चारा तिला जवळपास 10 किलो देतो. योग्य वेळ ओळखायला कणीस मधोमध मोडून दाण्याकडे बघावं. दाण्याच्या वरच्या टोकाकडून कडक पिवळा भाग खाली सरकत येतो आणि चिकाची सीमारेषा स्पष्ट दिसते. ही रेषा अर्ध्यावर आली की साधारण वेळ झाली. तरी केवळ रेषेवर न थांबता मोजावं. झाडांची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून नीट मिसळायची, त्यातले 100 ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं करून वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवायचे. उरलेले ग्रॅम म्हणजे कोरड्या भागाची टक्केवारी.

लवकर कापलेल्या ओल्या मक्यातून मुरघासाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं आणि बरोबर साखरही वाहून जाते. अशा ओल्या ढिगात नको ते जिवाणू वाढून ब्युटिरिक आम्लाचा घाण वास येतो. उशीर झाला तर कोरडी कुट्टी नीट दबत नाही, आत हवा राहते, बुरशी धरते आणि कडक दाणे न फुटता शेणातून बाहेर पडतात. शेणात अख्खे दाणे दिसत असतील तर तो खुराकच उकिरड्यावर चालला आहे. म्हणून कुट्टी 1 ते 2 सेंमीची हवी आणि दाणे फुटलेले हवेत.

खड्ड्यात नेमकं होतं काय? कुट्टीतल्या पेशी आणि जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात. मग हवेविना वाढणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू साखरेचं आम्ल करतात, सामू (आंबटपणाचं माप, pH; जितका कमी तितकं आंबट) 4 च्या आसपास येतो आणि बाकीचे सूक्ष्मजीव थंडावतात. फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी हिरव्या चाऱ्यात पातळ आम्ल मिसळून सामू 4 च्या खाली नेण्याची पद्धत काढली आणि त्यांना 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात या चारा टिकवण्याच्या कामाचा खास उल्लेख होता. मक्यात साखर पुरेशी असल्याने बाहेरून आम्ल घालावं लागत नाही. पातळ थर देत ट्रॅक्टरने जीव लावून दाबणं आणि त्याच दिवशी प्लॅस्टिकचा कागद घट्ट झाकणं, एवढं केलं की पुढचं काम जिवाणू करतात.

मका एकट्याने मात्र पुरत नाही. मुरघासाच्या कोरड्या भागात प्रथिनं 7 ते 9 टक्केच असतात. जोडीला लसूणघास किंवा चवळी हवी. वेळेवर कापलेल्या लसूणघासात प्रथिनं 18 ते 20 टक्क्यांच्या घरात असतात आणि ती मुख्यतः पानांत. दहातल्या एका काडीला फूल दिसलं की कापावी, वाळवताना पानं झडू देऊ नयेत. ओली कोवळी लसूणघास उपाशी जनावरापुढे टाकली तर पोट फुगतं, म्हणून आधी थोडी कोरडी वैरण द्यावी.

ज्वारीवर्गीय चाऱ्यात कोवळेपणी, आणि पाण्याच्या ताणानंतर फुटलेल्या नव्या पोंग्यात, विषारी हायड्रोसायनिक आम्ल सोडणारं धुरिन भरपूर असतं. पीक 60 सेंमीच्या वर जाईपर्यंत जनावर त्यात सोडू नये. दुष्काळात अडकलेल्या मक्याच्या खालच्या पेरांत जनावराला घातक ठरणारं नायट्रेट साचतं. तो थोडा उंचावरून कापावा आणि मुरवून घालावा, कारण मुरताना नायट्रेट बरंच कमी होतं. बुरशीच्या बाबतीत मुरवण्याचा असा आधार नाही. मक्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, टिकून राहतं आणि त्याचा काही अंश बदललेल्या रूपात दुधात, म्हणजे थेट पोरांच्या पेल्यात उतरतो. बुरशी दिसणारा मुरघास बाजूला काढून फेकावा, चांगल्यात मिसळून खपवू नये.

खड्डा उघडल्यावर समोरची भिंत सरळ ठेवून रोज किमान 15 सेंमीचा थर काढावा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नाही तर हवा आत शिरते आणि मुरघास तापू लागतो. दाण्यातला पिष्टमय पदार्थ मुरताना महिनोन्‌महिने अधिकाधिक पचनीय होत जातो, त्यामुळे तीन आठवड्यांचा आणि चार महिन्यांचा मुरघास कोठीपोटाला सारखा नसतो. नवा खड्डा उघडायच्या वेळी जुन्यातला थोडा शिल्लक ठेवावा आणि दोन्ही मिसळत आठ-दहा दिवसांत बदल पुरा करावा.