सिस्टिन-ग्लुटामेट ट्रान्सपोर्टर (मेंदूतला)

पेशीच्या पडद्यात बसलेलं हे एक प्रोटीन, मेंदूत ते मुख्यतः न्यूरॉनना (चेतापेशींना) आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवर सापडतं. याचा सगळा व्यवहार रोखीचा, एक ग्लुटामेट (न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला वापरतात ते अमिनो आम्ल) बाहेर द्यायचं तेव्हाच एक सिस्टिन (सिस्टेइन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून झालेलं) आत येणार. १९८० मध्ये बन्नाई आणि कितामुरा या जपानी संशोधकांनी माणसाच्या फायब्रोब्लास्ट (शरीरातली जोड-ऊती बनवणाऱ्या) पेशींत ही अदलाबदल दाखवली आणि १९९९ मध्ये त्यातल्या एक्ससीटी या मुख्य भागाचा जीन सापडला.

आता सिस्टिन एवढं कशाला लागतं? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, त्यामुळे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, सतत तयार होत राहतात आणि त्यांना आवरायला पेशीकडे ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन हवं, जे ग्लुटामेट, सिस्टेइन आणि ग्लायसिन यांचं बनतं. यातलं सिस्टेइनच कमी पडतं. सिस्टिन आत आलं की तुटून त्याचे दोन सिस्टेइन होतात. न्यूरॉन मात्र सिस्टिन आत घ्यायचं हे काम स्वतः फारसं करत नाहीत, अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटाथायोन बाहेर सोडतात, बाहेरच त्याचे तुकडे पडतात आणि सुटलेलं सिस्टेइन न्यूरॉन ईएएसी१ नावाच्या दुसऱ्याच ट्रान्सपोर्टरने उचलतात. हा ईएएसी१ काढून टाकलेल्या उंदरांच्या न्यूरॉनमध्ये ग्लुटाथायोन घटलं आणि वय वाढलं तसा मेंदू आक्रसत गेला, हे २००६ मध्ये दिसलं.

बाहेर ग्लुटामेट खूप साठलं तर अदलाबदल अडते, सिस्टिन येत नाही, ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरते. १९८९ मध्ये न्यूरॉनसारख्या पेशींवर हेच दिसलं होतं. २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव पडलं ते लोहाच्या मदतीने होणाऱ्या अशाच मरणाला, तिथे इरास्टिन हे रसायन हाच ट्रान्सपोर्टर बंद पाडतं.

पण म्हणून याला नुसता रक्षक म्हणणं मला पटत नाही, कारण तो बाहेर टाकतो ते ग्लुटामेट जास्त झालं की न्यूरॉनना मारतं. एक्ससीटी नसलेले उंदीर चांगले जगतात, एवढंच नाही तर उंदरांत पार्किन्सनसारखी स्थिती आणायला वापरतात त्या ६-हायड्रॉक्सीडोपामाइन या विषाच्या प्रयोगात त्यांचे डोपामाइन बनवणारे न्यूरॉन (पार्किन्सनमध्ये मरतात ते) जास्त टिकले. ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये तर गाठ याच वाटेने स्वतःसाठी सिस्टिन घेते आणि शेजारच्या न्यूरॉनवर ग्लुटामेट सोडते. संधिवाताचं जुनं औषध सल्फासलाझिन हा ट्रान्सपोर्टर अडवतं म्हणून ते ग्लायोमाच्या पेशंटवर वापरून पाहिलं, पण गाठी कमी होईनात आणि त्रास बराच झाला, म्हणून ती ट्रायल लवकर थांबवावी लागली.