आरोग्य समता संशोधनाचे पदवीपूर्व प्रशिक्षण

आजारपण, उपचार आणि मृत्यू यांबाबत समाजाच्या निरनिराळ्या थरांत दिसणाऱ्या, टाळता येण्याजोग्या आणि म्हणूनच अन्याय्य ठरणाऱ्या तफावतींचा शोध घेण्यास पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या पद्धतीला ही संज्ञा लावतात. सर्वांना सारखी सेवा देणे ही समानता. ज्याची गरज मोठी त्याच्यापर्यंत आधी व अधिक पोहोचणे ही समता. जागतिक आरोग्य संघटनेच्या, मायकेल मार्मट अध्यक्ष असलेल्या आयोगाने २००८ च्या अहवालात आरोग्याचे सामाजिक निर्धारक (म्हणजे उत्पन्न, शिक्षण, घर, काम यांसारखी आरोग्य घडवणारी सामाजिक परिस्थिती) हा विषय वैद्यकीय शिक्षणात सक्तीचा करावा, अशी शिफारस केली. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘बिल्ड’ उपक्रमाचा भर संशोधन कोण करतो यावर होता. जैववैद्यकीय संशोधनात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा समाजगटांतील पदवी विद्यार्थ्यांना त्यातून प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि आर्थिक साहाय्य मिळाले.

भारतात असे प्रशिक्षण स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून क्वचितच आढळते. ते मुख्यतः एमबीबीएसच्या सामुदायिक वैद्यकशास्त्रात विखुरलेले आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत नव्या विद्यार्थ्यांचे पहिले शिबिर गांधीजींच्या आश्रमात होते. त्यानंतर प्रत्येक तुकडी वर्धा परिसरातील एक गाव दत्तक घेते, तेथे राहून घरोघरची पाहणी करते आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहते. या पद्धतीचे खरे बळ पुन्हा जाण्यात आहे, कारण पहिल्या भेटीत पाहुण्याला मिळणारे उत्तर आणि ओळख झाल्यावर मिळणारे उत्तर यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये देशभरातील महाविद्यालयांसाठी कुटुंब दत्तक योजना आणली, तेव्हा हाच विचार अभ्यासक्रमात आला.

संशोधनाची पहिली औपचारिक संधी बहुतेकांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्तीतून मिळते. १९७९ पासून चालणाऱ्या या योजनेत विद्यार्थी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव लिहितो, निवड झाल्यास सुमारे दोन महिने काम करून अहवाल सादर करतो आणि तो मान्य झाल्यावरच प्रमाणपत्र व विद्यावेतन मिळते. संशोधनाचा प्रश्न नेमका मांडणे, नमुना निवडणे, नैतिकता समितीची संमती घेणे आणि मुदतीत लिहून पूर्ण करणे ही व्यावसायिक शिस्त विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडू लागते ती येथेच.

विषमतेच्या अभ्यासाला याखेरीज भाषेचे भान लागते. श्वेतप्रदराविषयी पाठ्यपुस्तकी शब्दांत विचारल्यास खेड्यातील बाई गप्प राहील. ‘अंगावरून पांढरं जातं का?’ हा प्रश्न तिला कळतो, आणि तो बाईनेच, आडोशाला, वेळ देऊन विचारावा लागतो. मजुराला मासिक उत्पन्न विचारण्यापेक्षा महिन्यातून किती दिवस काम मिळाले हे विचारणे अधिक विश्वसनीय ठरते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले, पण पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्यातील नोंदींवर विसंबणाऱ्या संशोधकाला उरलेल्या स्त्रिया दिसल्याच नसत्या. विद्यार्थ्याने या विषयात प्रथम हेच शिकायला हवे.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सरकारी रुग्णालयात उपचारासाठी आलेला माणूस पांढऱ्या कोटातल्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणायला कचरतो, त्यामुळे कागदावरची सही किंवा अंगठा ही पुरेशी संमती मानता येत नाही. नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत हे त्याच्या बोलीत सांगावे लागते. पाहणीत गंभीर आजारी आढळलेल्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे हेही संशोधकाचेच काम असते. अनेक ठिकाणी मात्र प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, अहवाल विभागाच्या कपाटात जातो आणि ज्या गावाने माहिती दिली त्याला निष्कर्ष कधीच कळत नाहीत. ग्रामसभेत किंवा अंगणवाडीत बसून ते मराठीत, तर गोंडी किंवा कोरकू भाषक वस्त्यांत त्या भाषांत समजावून सांगणे हा प्रशिक्षणाचा परीक्षेत गुण असलेला भाग व्हायला हवा.