कॅरेक्टर मेलं तरी शीट फाडू नका

आमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स (डाइस टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळताना कुणाचं कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचं पात्र, मेलं की प्रश्न ठरलेला असतो, “मग आता मी घरी जाऊ?” नाही, बसा. फक्त शीट, म्हणजे त्या पात्राची सगळी माहिती लिहिलेला कागद, फाडू नका आणि तिला खोडरबरही लावू नका.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खातं ते हेच. तिसरा डेथ सेव्ह (मरणाच्या दारात टाकायचा डाइस) हुकला की खेळाडू वैतागून शीट चुरगाळतो. दोन टर्नांनी क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र, पोचते, रिव्हिव्हिफाय हा जिवंत करणारा मंत्र टाकते आणि मेलेला गडी 1 हिट पॉइंटवर, म्हणजे जेमतेम जीव घेऊन, उठून बसतो. मग स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची शिल्लक) किती उरले होते, बाण किती होते, ती किल्ली कुणाकडे होती, हे आठवत बसायचं. बाकीची पार्टी, म्हणजे सोबतचे खेळाडू, डाइस हातात धरून ताटकळते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मेल्यावरही बरंच काही शिल्लक असतं. रिव्हिव्हिफायला एक मिनिटाची मुदत आहे, म्हणजे लढाईतले 10 राउंड. रेज डेड या जिवंत करणाऱ्या दुसऱ्या मंत्राला 10 दिवस. रीइनकार्नेट या मंत्राने शरीर बदलतं, ड्वार्फचा एल्फ होऊ शकतो, पण आठवणी आणि शिकलेलं सगळं तसंच राहतं, आणि ते कुठे लिहिलेलं असतं? त्याच शीटवर. कुणी जिवंत नाही केलं तरी स्पीक विथ डेड हा मंत्र टाकून प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. परत यायचं की नाही हे मात्र मेलेल्या आत्म्याच्या मर्जीवर असतं, म्हणून डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) तुम्हाला बाजूला घेऊन विचारतो. नको असेल तर मोकळेपणाने नको म्हणा.

हिऱ्यांबद्दलही सांगायला हवं. रिव्हिव्हिफायला 300 सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचे हिरे लागतात आणि ते वापरले की संपतात. “माझ्याकडे 300 नाणी आहेत, तेच हिरे समजा” हे आम्ही चालवत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण हिरे गावातच घेऊन ठेवावे लागतात, म्हणून पार्टी गुहेत शिरण्याआधी बसून विचार करते, आणि मरणाला वजन येतं.

कुणीच जिवंत केलं नाही तर सेशन संपेपर्यंत तुम्ही आत्मा म्हणून खेळता. हा नियम पुस्तकातला नाही, आमच्या टेबलाचा आहे. आत्म्याला सगळं दिसतं, ऐकू येतं, वार करता येत नाही. प्रत्येक प्रसंगात एकदा एका सोबत्याला अॅडव्हांटेज (दोन डाइस टाकून मोठा आकडा घेणं) देता येतो. तो कसा, ते तुम्ही सांगायचं. मशाल एकाच दिशेला झुकली, मानेवर गार झुळूक आली, असं काहीही. तुम्ही शेवटपर्यंत खेळात असता, म्हणून त्या दिवसाची फी परत होत नाही.

नवं कॅरेक्टर पुढच्या सेशनपासूनच. ऐन लढाईत ते बनवायला बसलं की टेबल थांबतं. राखीव कॅरेक्टर आधीच करून ठेवायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी या, चालू कॅम्पेनमधल्यांना (कॅम्पेन म्हणजे अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) आम्ही ते मोफत करून देतो. वेळ नसेल तर प्रत्येक क्लासची (क्लेरिकसारख्या पात्रप्रकाराची) तयार शीट काउंटरवर विकत मिळते, प्लास्टिकच्या फोल्डरसकट.