बटणावरचा पंजा

तळहातात मावेल एवढं प्लास्टिकचं गोल बटण. त्यात आपल्याच आवाजात एक शब्द रेकॉर्ड करायचा, समजा ‘बाहेर’. कुत्र्याला फिरायला नेताना दर वेळी तोंडाने ‘बाहेर’ म्हणायचं, बटण स्वतः दाबायचं आणि लगेच दार उघडायचं. कुत्र्याचा पंजा धरून बटणावर ठेवायचा नाही. हा शब्द निघाला की दार उघडतं, एवढंच त्याला रोज दिसू द्यायचं. मग एखाद्या दिवशी तो बटणाकडे बघतो, आपल्याकडे बघतो आणि पंजा टेकवतो.

ही पद्धत कुत्र्यांच्या ट्रेनिंगमधून आलेली नाही. बोलू न शकणाऱ्या लहान मुलांना शब्द उच्चारणारी उपकरणं दिली जातात. मोठी माणसं मुलांसमोर ती स्वतः वापरत राहतात आणि मुलं बघून बघून शिकतात. अमेरिकेतल्या क्रिस्टिना हंगर या स्पीच थेरपिस्टचं रोजचं काम हेच. 2018 मध्ये त्यांनी हा प्रयोग आपल्या स्टेला या कुत्रीवर सुरू केला आणि पहिलं बटण ‘बाहेर’चंच होतं. पुढे समाजमाध्यमांमुळे बटणांचे संच घरोघरी पोचले.

कल्पना मात्र बरीच जुनी आहे. जॉन लबक हे इंग्रज बँकर आणि निसर्गअभ्यासक. त्यांच्याकडे व्हॅन नावाचा पूडल जातीचा काळा कुत्रा होता. ‘खाणं’, ‘पाणी’, ‘हाड’, ‘चहा’, ‘बाहेर’ असे शब्द छापलेली पुठ्ठ्याची कार्डं त्यांनी केली होती. व्हॅन हवं ते कार्ड तोंडात धरून आणायचा आणि लबक त्यावर लिहिलेली वस्तू त्याला द्यायचे. त्यांनी हे प्रयोग 1884 च्या सुमारास प्रसिद्ध केले.

आता समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या, बटणं दाबणाऱ्या कुत्र्यांच्या व्हिडिओंबद्दल. एखादी कुत्री ‘पाणी’, ‘बाहेर’, ‘आजी’ अशी तीन बटणं एकामागून एक दाबते आणि व्हिडिओखाली लिहिलेलं असतं की तिला आजीबरोबर समुद्रावर जायचंय. तीन सुटे शब्द समोर आले की माणसाचं डोकं त्यांचं वाक्य केल्याशिवाय राहत नाही. शिवाय त्याच दिवशी तिने आणखी वीस वेळा काहीतरी असंबद्ध दाबलं असेल, तर ते कुणी अपलोड करत नाही. म्हणून मला हे व्हिडिओ कितीही आवडत असले तरी पुरावा म्हणून ते मी धरत नाही.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. उत्तर सात असेल तर सात वेळा खूर आपटून थांबायचा. मालक अगदी प्रामाणिक होता, आणि 1904 साली नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीलाही कुठे लबाडी सापडली नाही. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी मग एक साधी युक्ती केली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर काय होतं, ते त्यांनी पाहिलं. हान्सची उत्तरं चुकायला लागली. आपटण्यांचा आकडा बरोबर संख्येला पोचला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर उचललं जायचं. घोडा त्या हालचालीवर थांबत होता. कुत्री तर हजारो वर्षं आमच्या हालचाली वाचत आली आहेत. तेव्हा कुत्रा शब्दाला प्रतिसाद देतो की आपल्या चेहऱ्याला, हे वेगळं काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले फेदेरिको रोसानो यांच्या गटाने नेमकं हेच हाती घेतलं. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांनी 59 कुत्र्यांवरच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. काही घरांत संशोधक स्वतः गेले, तर काही घरांत मालकांनी ठरवून दिलेल्या पद्धतीने चाचणी घेतली. बाहेर जाण्याचा शब्द आला की कुत्री दाराकडे वळत, खेळाचा शब्द आला की खेळाच्या तयारीला लागत. बटण मालकाने दाबलं की परक्या माणसाने, शब्द बटणातून आला की तोंडून, याने फरक पडला नाही. म्हणजे निदान हे दोन शब्द त्या कुत्र्यांना शब्द म्हणून कळत होते. खाण्याच्या शब्दाबाबत निकाल इतका स्पष्ट आला नाही.

पण कळणं वेगळं आणि स्वतःहून वापरणं वेगळं. डिसेंबर 2024 मध्ये त्याच गटाने 152 कुत्र्यांची 21 महिन्यांची नोंद मांडली. एकूण 2 लाख 60 हजारांहून जास्त वेळा बटणं दाबली गेली होती आणि त्यांतली सुमारे 1 लाख 95 हजार वेळा ती कुत्र्यांनी दाबली होती. कुत्री अंदाधुंद दाबत असती तर आकडे कसे आले असते, हे संगणकावर काढून त्यांनी तुलना केली. ‘बाहेर’ आणि ‘शू’, ‘खाणं’ आणि ‘पाणी’ अशा जोड्या योगायोगाने याव्यात त्यापेक्षा जास्त वेळा येत होत्या. ही मालकाची नुसती नक्कल आहे, असंही दिसलं नाही. नोंदी हौशी मालकांनी ठेवलेल्या आहेत, ही मर्यादा राहतेच. आणि दोन शब्दांची जोडी म्हणजे व्याकरण नव्हे.

याच नोंदीतली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ‘आय लव्ह यू’चं बटण कुत्र्यांपेक्षा माणसंच कितीतरी जास्त दाबत होती. कुत्र्यांचा जोर बाहेर, खाऊ, खेळ, शू यांवर होता. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. दार आपण उघडतो, वाटी आपण भरतो, फिरायची वेळही आपणच ठरवतो. ज्याच्या दिवसातलं जवळपास काहीच त्याच्या हातात नाही, त्याला ‘आता बाहेर जायचंय’ हे आपल्याला समजेल अशा रीतीने सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी त्याला ‘बोलणारा’ ठरवायची गरज नाही.

ब्राझीलमधल्या सोफिया या कुत्रीवरचा 2008 चा अभ्यास इथे आठवतो. आलेशांद्रे रोसी आणि सेझार आदेस या संशोधकांनी तिला चिन्हांच्या कळा असलेला फलक वापरायला शिकवलं होतं. पाणी, खाणं, फिरणं, खेळणं, लाड करून घेणं असं ती त्यावरून मागायची. कळ दाबताना ती अनेकदा माणसाकडे बघायची, आणि खोलीत माणूस नसेल तेव्हा जवळजवळ दाबायचीच नाही. ऐकणारं कुणी असेल तरच मागण्यात अर्थ आहे, इतकं तरी तिच्या वागण्यातून दिसत होतं.

घरी करून बघायचं असेल तर शब्द मराठीच ठेवा, बटणाला भाषेशी देणंघेणं नाही. फक्त आई ‘फिरायला’ म्हणते, बाबा ‘चल खाली’ आणि मुलं ‘वॉक’, असं नको. सगळ्यांनी एकच शब्द धरा. सुरुवात अशा शब्दाने करा ज्याच्यामागे लगेच काहीतरी घडतं. आणि रात्री दोन वाजता त्याने ‘बाहेर’ दाबलं, तर वैतागून बटण उचलून ठेवू नका. शूची वेळ आहे का बघा, नसेल तर त्याच्याकडे बघून ‘आत्ता नाही’ म्हणा आणि झोपा.