कासच्या फुलांचा आपल्याला न दिसणारा रंग

सप्टेंबरात साताऱ्याहून कासला गेलात तर सोनकीनं पठार पिवळंधमक झालेलं असतं आणि मधूनमधून तेरड्याचे गुलाबी पट्टे. माणसं मोबाइल रोखून ओणवी झालेली. पण ज्या गिऱ्हाइकासाठी हा बाजार मांडलाय, त्या मधमाशीला फुलं आपल्यासारखी दिसतच नाहीत. तिला लाल रंग जवळजवळ कळत नाही, आणि जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश मात्र दिसतो. साधं सूर्यफूल घ्या. आपल्याला पाकळी अख्खी पिवळी. तिला टोकं उजळ आणि बुडं गडद, म्हणजे मधाभोवती काढलेलं ठसठशीत वर्तुळ.

आपली नजर जांभळ्यापासून लालपर्यंत, म्हणजे साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात अडकलेली. गंमत म्हणजे अतिनील प्रकाश थोडाफार टिपण्याची कुवत आपल्या डोळ्याच्या पडद्यात आहे. तो वाटेत अडवतं ते डोळ्यातलं भिंग. पूर्वी मोतीबिंदू काढला की आत दुसरं भिंग बसवत नसत, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा द्यायचे. अशा डोळ्यांना अतिनील प्रकाश फिकट निळसर-पांढरा दिसू शकतो. माझ्या पणजीचा चष्मा तसलाच होता. तिला फुलं कशी दिसतात, हे विचारायचं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. आता बसवतात ती कृत्रिम भिंगं बहुधा हा प्रकाश गाळूनच घेतात, आणि ते बरंच आहे. पडद्याला तो सोसत नाही.

दुसऱ्या टोकाला अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा न दिसणारा प्रकाश. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, लाल रंगाच्याही पुढे तापमापक ठेवला, आणि पारा चढला. अंगाची ऊबही अशाच अवरक्त किरणांनी बाहेर पडते. ती दिसणारे डोळे मिळाले तर? काळोख्या गोठ्यात म्हैस उजळलेली दिसेल, हे खरं. पण ही ऊब साध्या काचेतून पार होत नाही. एसटीच्या बंद खिडकीतून यवतेश्वरचा घाट दिसायचा नाही, दिसेल ती काचेचीच ऊब. त्याहून मोठी पंचाईत डोळ्याची: तो पाण्यानं भरलेला, आणि पाणी ही किरणं पडद्यापर्यंत पोचूच देत नाही. शिवाय डोळा स्वतःच ३७ अंशांवर तापलेला. पेटत्या कंदिलाच्या आत बसून बाहेरचा काजवा शोधायचा, तसली गत.

सह्याद्रीतल्या चापडा सापानं हे काम डोळ्याकडे दिलेलंच नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगा असतो. त्यात ताणलेला पातळ पडदा समोरच्या उंदराच्या उबेनं किंचितसा तापतो. चित्र धूसरच उमटत असणार, पण झेप कुठे घ्यायची एवढं कळायला पुरतं.