महागडी साउंड सिस्टीम घेण्याआधी

“एवढे पैसे घातले तर खरंच फरक पडतो का हो?” दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. फरक पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

सगळ्यात मोठा फरक स्पीकरचा. त्याखालोखाल खोलीचा, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. आपल्याकडे स्पीकर हमखास शोकेसमध्ये किंवा कोपऱ्यात जातात. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगवतात. डग्ग्याची घुमक खोलीभर पसरते आणि गाण्याचे शब्द तिच्याखाली दबतात. स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढा. बसल्यावर ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर बसा. आता खोलीत एक टाळी वाजवा. भिंतींवरून झणझणत परत आली, तर फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा हवा. ॲम्प्लिफायर बदलायला आलेल्यांनाही आम्ही आधी हेच करून बघायला सांगतो.

ॲम्प्लिफायर ५० वॅटचा १०० वॅटचा केला, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरच्या खोलीला एवढी गरज क्वचितच पडते.

ॲम्प्लिफायरला स्पीकर जोडणाऱ्या वायरीबद्दल स्पष्टच सांगतो. पाच मीटरपर्यंत वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्कासुद्धा नाही. हजारो रुपयांच्या वायरी आम्ही ठेवतच नाही.

जुनी नाट्यपदं ऐकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. १९२५ च्या आधी मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होत नव्हतं, गायक कर्ण्यात तोंड घालून गात. त्या तबकड्यांत वरचे आणि खालचे स्वर पुरेसे उतरलेच नाहीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? रेकॉर्ड प्लेअरच्या सुईत मात्र काटकसर नको. झिजलेली सुई खाच खरवडते आणि खरवडलेली रेकॉर्ड पुन्हा नीट होत नाही.

घरात जुने चांगले स्पीकर असतील तर टाकू नका. दमट हवेत स्पीकरच्या कोनभोवतीची (थरथरणाऱ्या शंकूभोवतीची) फोमची रिंग दहा-पंधरा वर्षांत भुगा होते. ती बदलता येते, आणि नव्या जोडीच्या मानाने खर्च किरकोळ असतो.

ऐकून निवडायचं असेल, तर तुमच्या कानात बसलेलं गाणं घेऊन या. दोन यंत्रांत जे जरा मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं. म्हणून आम्ही आधी मीटर लावून दोन्ही सारख्या आवाजावर आणतो, आणि कुठलं चालू आहे ते तुमचं ऐकून होईपर्यंत सांगत नाही. स्वस्तातलं आवडलं तर तेच घ्या. सोबत घरच्या खोलीची लांबी-रुंदी लिहून आणा, म्हणजे स्पीकर कुठे ठेवायचे ते कागदावर काढून देऊ.