एकरी १० क्विंटल: दावा, नऊ तुकडे आणि टी-चाचणी

खरिपाच्या पेरणीआधी बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या भागातल्या बाजारपेठांत सोयाबीनच्या नव्या वाणाची जाहिरात लागते, तेव्हा तीत उताऱ्याचा आकडा हमखास असतो. समजा, तो आकडा ‘एकरी सरासरी १० क्विंटल’ असा आहे. हा दावा तंतोतंत तपासायचा तर ते वाण पेरलेले प्रत्येक शेत कापून, मळून, वजन करून पाहावे लागेल, आणि ते कोणालाही शक्य नाही. म्हणून मोजक्या शेतांच्या उताऱ्यावरून सगळ्या शेतांच्या सरासरीविषयी निर्णय घ्यावा लागतो. संख्याशास्त्रात या सगळ्या शेतांच्या समूहाला समष्टी म्हणतात, प्रत्यक्ष मोजलेल्या शेतांना नमुना, आणि सरासरीविषयीच्या दाव्याला परिकल्पना.

समष्टी कोणती, हे आधी ठरवावे लागते, आणि बेळगाव जिल्ह्यात ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात धो धो पाऊस पडतो, तर पूर्वेला अथणीकडचा भाग अवर्षणप्रवण आहे. मध्ये काळ्या जमिनीचा पट्टा वेगळा आणि तांबड्या माळाचा वेगळा. ‘जिल्ह्याची सरासरी’ असे म्हटले की या सगळ्यांची एक सरासरी निघते खरी, पण ती कोणत्याच शेतकऱ्याच्या उपयोगाची नसते. म्हणून आपण प्रश्न लहान करू: एका तालुक्यातील, काळ्या जमिनीवरील, पावसाच्या पाण्यावर घेतलेले सोयाबीन.

अशा शेतांतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येक शेताला निवडले जाण्याची समान संधी देऊन, ९ शेते निवडली आणि प्रत्येकात ५ मीटर बाय ५ मीटरचा तुकडा कापला, असे मानू. एकरी क्विंटलमध्ये उतारे आले ते असे: ८.१, ९.६, १०.३, ८.७, ९.९, ८.४, १०.१, ९.० आणि ८.७. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. त्यांची सरासरी ९.२ क्विंटल येते, म्हणजे दाव्यापेक्षा ८० किलो कमी. एवढ्यावरून दावा खोटा म्हणावा काय? दोन शेतांत तर १० पेक्षा जास्त उतारा मिळाला आहे, आणि दुसरी ९ शेते निवडली असती तर सरासरी वेगळी आली असती.

येथे चाचणीचा विचार उलट दिशेने चालतो. दावा खरा आहे, असे घटकाभर गृहीत धरायचे. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारायचे की समष्टीची सरासरी खरोखर १० असताना, केवळ निवडीच्या योगायोगाने, ९ शेतांची सरासरी इतकी किंवा याहून खाली जाण्याची शक्यता किती? त्यासाठी उतारे आपसांत किती विखुरलेले आहेत, हे पाहावे लागते. वरच्या ९ आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरण्याचे माप, सुमारे ०.७९५ क्विंटल आहे. मात्र सरासरी ही एकेका शेताच्या उताऱ्याइतकी डळमळत नाही. तिचे डळमळणे नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीने कमी होते. ९ चे वर्गमूळ ३, म्हणून सरासरीच्या डळमळण्याचे माप, म्हणजे तिची प्रमाण त्रुटी, ०.२६५ क्विंटल. दाव्यापासूनचे अंतर ०.८ आहे, त्याला ०.२६५ ने भागले की ३.०२ हा आकडा मिळतो. यालाच टी म्हणतात. निरीक्षित सरासरी दाव्यापासून तीन प्रमाण त्रुटींइतकी खाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तीन म्हणजे फार की थोडे, हे सांगणारे कोष्टक बार्लीच्या शेतांशी संबंधित माणसाकडून आले, याची मला नेहमी मौज वाटते. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करत होते. तेथे बार्लीचे आणि मद्यनिर्मितीचे प्रयोग थोडक्याच नमुन्यांवर होत, आणि मोठ्या नमुन्यांसाठीचे गणित तेथे फसत असे. कारण थोड्या आकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच बेभरवशाचे असते. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने याचा उलगडा प्रसिद्ध केला. त्यावरून पुढे रूढ झालेल्या टी-कोष्टकानुसार, ९ निरीक्षणे असताना आणि उतारे साधारण घंटाकृती पसरलेले असताना, ५ टक्के सार्थकता पातळीची (म्हणजे खरा दावा चुकून नाकारण्याचा धोका ५ टक्के मान्य करणारी) एकतर्फी, म्हणजे फक्त कमी उताऱ्याच्या बाजूने पाहणारी, सीमा १.८६० आहे. आपला आकडा ३.०२ ती सीमा सहज ओलांडतो. दावा खरा असता तर इतकी खालची सरासरी हजारात सुमारे आठच वेळा दिसली असती. म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची.

हजारात आठ, म्हणजेच ०.००८, याला पी-मूल्य म्हणतात, आणि त्याचा चुकीचा अर्थ शिकलेली माणसेही सर्रास लावतात. ‘दावा खरा असण्याची शक्यता हजारात आठ’ असे ते सांगत नाही. दावा खरा मानला तर असा नमुना मिळण्याची शक्यता ते सांगते, आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय ५ टक्क्यांची सीमा हा निसर्गनियम नव्हे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे ती सोयीचा संकेत म्हणून रूढ झाली. एकतर्फी चाचणी घ्यायची की दुतर्फी, हेही मळणीपूर्वी ठरलेले असावे. आकडे पाहून ठरवणे म्हणजे निकाल पाहून नियम लिहिणे होय.

आता याच नमुन्यातली पहिली चारच शेते हाती आहेत, असे समजू. त्यांची सरासरी ९.१७५ येते, म्हणजे आधीपेक्षा किंचित कमीच. तरीही प्रमाण त्रुटी वाढून ०.४८५ होते, टी १.७० वर घसरतो, आणि चार निरीक्षणांसाठीची सीमा मात्र २.३५३ पर्यंत चढलेली असते. दावा नाकारता येत नाही! विक्रेता येथे ‘चाचणीत दावा सिद्ध झाला’ असे छापू शकतो, आणि ते साफ चूक ठरेल. पुरावा अपुरा पडला, इतकेच सिद्ध झाले आहे. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दोन्ही प्रकारच्या चुकांचा एकत्र हिशेब मांडला तो याचसाठी: खरा दावा नाकारणे ही एक चूक, तर खोटा दावा न नाकारता सोडून देणे ही दुसरी. लहान नमुन्यात दुसरी चूक बळावते. उलट ४०० शेते घेतली तर एकरी १० किलोंची तूटही ‘सार्थ’ ठरेल, पण तिच्यावरून वाण बदलायला कोणी शहाणा शेतकरी जाणार नाही.

या गणितापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कापणीचा तुकडा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर आणि आपला तुकडा २५ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पाव गुंठा. तुकड्यातले वजन सुमारे १६२ ने गुणले की एकरी उतारा मिळतो. याचा अर्थ, ज्या ८० किलोंवर आपण वाद घालत आहोत, ते तुकड्यात जेमतेम अर्धा किलो आहेत. शेंगा पुरत्या वाळल्या नसतील, किंवा दोरीच्या कडेची रोपे आत ओढली गेली असतील, तर हा अर्धा किलो सहज इकडचा तिकडे होतो. नेमन आणि पिअर्सन यांच्याच लंडनच्या विभागात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्माने सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उतारा पद्धतशीरपणे जास्त दिसतो. कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने कडा जास्त असते. अशी चूक नमुन्यांची संख्या वाढवून जात नाही. योगायोगाची चूक वर्गमुळाने घटते, कल असलेली चूक तशीच राहते, आणि टी-चाचणीला ती दिसतही नाही.

म्हणूनच पीक कापणी प्रयोगात सर्व्हे नंबर यादृच्छिक अंकांवरून निवडतात आणि शेतातही नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक अंतर मोजून तुकडा आखतात. ‘इथले पीक बरे दिसते’ असे म्हणायला वाव ठेवत नाहीत. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ग्रामपंचायत पातळीवरच्या पिकासाठी असे किमान चार प्रयोग अपेक्षित आहेत. त्यांची सरासरी उंबरठा उताऱ्याच्या, म्हणजे मागील वर्षांच्या उताऱ्यांवरून ठरवलेल्या सीमेच्या, खाली गेली की भरपाई देय होते. मध्ये कोणतीही टी-चाचणी नसते, कारण तो करार आहे, परिकल्पना नव्हे. पण प्रमाण त्रुटी करारालाही चुकत नाही. आपल्या उदाहरणातला विखुरलेपणा धरला तर चार तुकड्यांची सरासरी एकरी ४० किलो इकडेतिकडे सहज सरकते, आणि पंचायतीचा खरा उतारा नेमका उंबरठ्यावर असेल तर भरपाई मिळणे न मिळणे जवळजवळ निम्मे-निम्मे राहते. हे डळमळणे निम्म्यावर आणायचे तर चाराचे सोळा प्रयोग करावे लागतील, आणि तेही काढणीच्या त्याच थोड्या दिवसांत, जेव्हा गावात कापणीला माणूस मिळत नाही.